मधुमेहाची गुंतागुंत आधी कशी ओळखायची, कशी सांभाळायची? कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान टाइप २ मधुमेह असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. रायगड असो, रत्नागिरी असो की सिंधुदुर्ग, प्रश्न बहुतेक तेच येतात, आणि त्यातले बरेचसे मुंबईहून फोनवर मुलगा किंवा सून विचारते. इथलं वाचून कुणी आपल्या गोळ्या आपणच कमी-जास्त करू नयेत.

बाबांची उपाशीपोटीची शुगर नेहमी ११०-१२० येते. मग बाकीच्या तपासण्यांचा घोळ कशाला?

उपाशीपोटीची शुगर त्या एका सकाळची असते. आदल्या रात्री लवकर जेवलं, भात टाळला, की ती चांगली येते. हे पेशंटांना पक्कं ठाऊक असतं, आणि डॉक्टरांनाही. दुपारी माशाच्या आमटीबरोबर ताटभर भात झाल्यावर ती कुठे गेली होती, ते या आकड्यात दिसत नाही. साधारण तीन महिन्यांचा हिशेब एचबीए१सी ही रक्ताची तपासणी देते: ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. बहुतेकांनी ७ च्या खाली राहावं. थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा शुगर एकदम उतरण्याची सवय असलेल्या माणसाला डॉक्टर ८ पर्यंतही मोकळीक देतात. अंगात रक्त कमी असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो, म्हणून त्याबरोबर हिमोग्लोबिनही पाहावं.

तरी एचबीए१सीसुद्धा सगळं सांगत नाही. डोळे, किडनी, पाय, हृदय यांचं पुढे काय होणार हे शुगर एकटी ठरवत नाही. रक्तदाब, लघवीतून जाणारं प्रोटीन, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि आजाराची वर्षं हे सगळे मिळून ठरवतात. शुगर ११० आणि बीपी १६० असलेला माणूस, शुगर १५० आणि बीपी १२५ असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. आपल्याकडे घरोघरी शुगरची चर्चा चालते, बीपीचा आकडा मात्र निम्म्या लोकांना पाठ नसतो.

गुंतागुंत म्हणजे नक्की कशाकशाला धक्का?

बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की डोळ्याचा पडदा, किडनी आणि नसा. मोठ्या बिघडल्या की हृदय, मेंदू आणि पायाचा रक्तपुरवठा. याशिवाय ज्या गोष्टी कुणी मधुमेहाशी जोडत नाही त्या: खांदा आखडणं, हिरड्या सुजून दात हलणं, पुरुषांमधली लैंगिक अडचण, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग. क्षयरोगाचा धोकाही मधुमेहात दोन-तीन पट असतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी.

आत्ताच तर डायबिटीस निघाला. हे सगळं दहा वर्षांनी होतं ना?

नाही. टाइप २ चोरपावलांनी येतो. रिपोर्टात दिसण्याआधी कित्येक वर्षं तो अंगात असू शकतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले होते, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांत पहिल्याच तपासणीत कुठेतरी इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. म्हणून डोळे, लघवी आणि पाय निदान झालं त्याच महिन्यात तपासायचे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. एचबीए१सी सरासरी १ टक्क्याने कमी असलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत ३७ टक्क्यांनी कमी आढळली. शिवाय सुरुवातीची वर्षं ज्यांनी शुगर नीट सांभाळली त्यांना त्याचा फायदा पुढे दहा वर्षांनीही मिळत राहिला. पहिली पाच वर्षं "अजून काही होत नाही" म्हणून सोडून देण्यासारखी नसतात.

कुणाला त्रास होणार हे आधी सांगता येतं का?

नाव-तारखेसह नाही. पण कुणाकडे आधी लक्ष द्यायचं, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

सगळ्यात बोलका इशारा लघवीतल्या अल्ब्युमिनचा. एसीआर नावाची तपासणी असते, सकाळच्या लघवीवर होते. ३० च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे बरीच पुढे गेली. ही गळती किडनीचा धोका दाखवतेच, शिवाय हृदयाचाही. साध्या लघवीच्या तपासणीत "प्रोटीन नील" लिहून आलं म्हणून खूश होऊ नका. सुरुवातीची गळती त्या पट्टीवर दिसतच नाही. ताप, लघवीचा संसर्ग किंवा अंगमेहनतीनंतर एसीआर तात्पुरता वाढतो, म्हणून एकदा जास्त आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करतात आणि तीनपैकी दोनदा वाढलेला असला तरच धरतात.

दुसरा आकडा ईजीएफआर, म्हणजे किडनी गाळण्याचं काम किती करते ते. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात. वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चार गोष्टींवरून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता काढणारं सूत्रही आहे. किडनीचे डॉक्टर ते वापरतात. ईजीएफआर ६० च्या खाली गेलेला असेल तर त्यांना खुशाल विचारा.

हृदयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रदेशवार तक्ते काढले, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा आहे. ते उपयोगी आहेत, पण तक्त्यात "कमी धोका" आला म्हणून बिडी ओढायला परवाना मिळत नाही. आपल्या लोकांत हृदयविकार कमी वयात येतो. वडिलांना पन्नाशीत झटका आलेला असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. मशेरी लावणाऱ्या आज्या आणि माम्या "आम्ही तंबाखू खात नाही" असं सांगतात. मशेरी तंबाखूच आहे.

डोळ्याच्या पडद्यावर बदल दिसले तर किडनी आणि नसाही तपासायच्या, कारण तिन्ही ठिकाणचा बिघाड बरेचदा जोडीने चालतो.

वर्षात कोणत्या तपासण्या करायच्या? गावातून तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो.

खरंय. म्हणून सणांना बांधून घ्या. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतातच. घरात गाडी असते, सोबत न्यायला माणूस असतो. गणपतीची धावपळ उरकली की त्याच आठवड्यात सगळ्या वर्षाच्या तपासण्या: एसीआर, क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर, कोलेस्टेरॉल, डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी, ईसीजी डॉक्टर म्हणतील तर. शिमग्याला एचबीए१सी आणि बीपीचा आढावा. एचबीए१सी मात्र औषध बदललं असेल किंवा आकडा चढा असेल तर तीन महिन्यांनी, एरवी सहा महिन्यांनी. बीपी दर भेटीला. बहुतेक मधुमेहींनी तो १३० / ८० च्या खाली ठेवावा असं आता मानतात.

मुंबईच्या डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून वर्षानुवर्षं तीच औषधं नेणारी पुष्कळ माणसं इथे आहेत. औषध चालू असतं, आढावा कुणीच घेत नाही. हा प्रकार शुगरची गोळी चुकवण्याइतकाच घातक आहे.

पायांबद्दल एवढं का सांगतात?

कारण कोकणात पायांवर येणारी संकटं घरापासून सुरू होतात, आणि नस बधिर झाली की त्यातलं एकही दुखत नाही.

भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं, मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यातून जंतू आत शिरतात. एप्रिलात दुपारच्या कातळावर अनवाणी चाललं तर तळव्याला फोड येतो आणि संध्याकाळपर्यंत कळतसुद्धा नाही. न्हाणीत चुलीवर तापवलेलं पाणी थेट पायावर ओतलं जातं. काजूच्या बिया भाजताना उडालेलं तेल कातडी जाळतं. खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांच्या पायांना शिंपल्यांच्या धारेने चिरा पडतात. कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू अशा चिरेतून शिरले तर मधुमेहात किंवा लिव्हर खराब असताना एक-दोन दिवसांत पाय सुजून फोड येऊन काळानिळा पडू शकतो. तसं दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका.

आणि बिब्बा. टाचेच्या भेगांना, चिखल्यांना बिब्बा लावायची पद्धत जुनी आहे. बधिर पायाला बिब्ब्याचा चटका कळत नाही, कातडी मात्र जळते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला बिब्बा लावू नये. कुरूप ब्लेडने कापणं आणि मेडिकलमधली कुरुपाची पट्टी चिकटवणं, दोन्ही त्याच यादीत.

डॉक्टर पाय तपासतात ते साधंच असतं: नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवून कळतं का ते पाहतात (तो वाकला की बरोबर १० ग्रॅम दाब पडतो), कंप पावणारा चिमटा हाडावर ठेवतात, पावलावरची नाडी हाताने शोधतात. पाच मिनिटं लागतात. डॉक्टरांनी स्वतःहून केलं नाही तर चप्पल काढून पाय पुढे करा.

घरी रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा नातवाला बघायला सांगून. खोबरेल तेल भेगांना चालेल, बेचक्यांत नको. पाणी आधी कोपराने पाहा. देवळात अनवाणी जायचं असेल तर सकाळी लवकर जा, किंवा मोजे घाला. चपलेत खडा गेलाय का ते हाताने चाचपून मगच पाय घाला. बधिरपणा असेल तर मऊ तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या एमसीआर चपला मिळतात. दिसायला काही खास नाहीत, पण पाय वाचवतात. शेतात गमबूट घालायला पुरुषमंडळी लाजतात, ते का हे मला अजून कळलेलं नाही.

एक पाऊल अचानक सुजलं, लाल आणि गरम झालं, पण दुखत नाही, अशा वेळी "मुरगळला असेल" म्हणून चोळू नका. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असू शकतात. पाय टेकवू न देता डॉक्टरांकडे न्या.

आईला कमी दिसतं. मोतीबिंदूच असणार ना?

असेलही, पण पडदाही बिघडलेला असू शकतो. मधुमेहाने पडद्याला होणारी इजा सुरुवातीला नजर मुळीच कमी करत नाही, आणि नजर कमी होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गावातल्या शिबिरात चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू पाहतात. पडदा पाहिला का, हे वेगळं विचारायला हवं. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत घाट चढू नका. वेळीच सापडलं तर लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं नजर टिकवतात. फार वाढलेली शुगर औषधाने एकदम उतरवायची असेल तर त्याआधी पडदा पाहून घेतलेला बरा, कारण झपाट्याने शुगर उतरताना पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो.

छातीत दुखलं नाही, तरी हार्ट अॅटॅक असू शकतो?

हो. नसा बिघडल्यामुळे मधुमेहात कळ येतेच असं नाही. एकाएकी दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा, विलक्षण थकवा, एवढ्यावरही झटका येऊन जातो. "गॅस झाला" म्हणत ओवा आणि सोडा घेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ईसीजी होईल अशा दवाखान्यात न्या.

लावणीच्या दिवसांत अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणतो. चालतात का?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं, बीपीची गोळी चालू, एसीआर आधीच वाढलेला, अशी गाठ पडली तर किडनी काही दिवसांत बसू शकते. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. गोळीचं नाव माहीत नसेल तर घेऊ नका.

पावसात चिखलात काम करून ताप आला, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झालेत, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो. तो किडनीवरच जातो, म्हणून मधुमेह्याने घरी दोन दिवस काढा पीत बसू नये. ताप, जुलाब, उलट्या चालू असताना मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या (डापाग्लिफ्लोझिनसारख्या) शुगरच्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र "काही खाल्लंच नाही" म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका.

मेटफॉर्मिनने किडनी खराब होते असं सगळे म्हणतात.

सगळे चुकीचं म्हणतात. किडनी न आवरलेल्या शुगर आणि बीपीने खराब होते. किडनी आधीच अशक्त झाली असेल तर मेटफॉर्मिन कमी करावं लागतं (ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की) आणि ३० च्या खाली बंद करतात, त्यावरून हा समज पसरला. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. म्हणून मधूनमधून बी१२ तपासा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यापलीकडे हृदय व किडनीलाही जपतात, हे २०१५ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. पेटंट संपल्यामुळे भारतात त्या बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. लघवीच्या जागी खाज आणि बुरशी हा त्यांचा नेहमीचा त्रास. लाजून गोळी बंद करण्यापेक्षा सांगावं. एसीआर वाढलेला असेल तर बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी निवडतात, ती किडनीसाठीही असते. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेह्यांना कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सांगतात, रिपोर्ट "नॉर्मल" असला तरी.

भात सोडायचा का? आणि आंबा?

भात सोडायला सांगितलं तर कोकणात कुणी ऐकत नाही, आणि ऐकलं तरी महिनाभरच. निम्मा करा. आधी भाजी, कुळथाची पिठी किंवा मासा संपवा, मग भात. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा बरा, पण ताटभर उकडा हा ताटभर भातच. पेज पातळ म्हणून हलकी वाटते, शुगर मात्र भराभर चढवते. नाचणीच्या भाकरीतही पिष्ट आहे. एक खा, चार नको. बांगडा, तारली हृदयाला चांगले, तळण्याऐवजी तिखल्यात. सुकट आणि खारवलेला बांगडा बीपी असलेल्यांनी सणासुदीपुरता ठेवावा.

शुगर आवाक्यात असेल तर हापूसच्या दोन फोडी, जेवणानंतर लगेच नव्हे, आणि त्या दिवशी भात आणखी कमी. आमरसाची वाटी नाही. सोलकढी चालते. कोकम सरबत म्हणजे बहुतांशी साखरेचा पाक.

किडनी बरीच अशक्त झालेली असेल तर शहाळं विचारल्याशिवाय पिऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. "बीपीचं कमी सोडियमवालं मीठ" म्हणून मिळतं त्यातही पोटॅशियमच असतं.

उपवास धरला तर?

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर शुगर घसरते, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लीत की उसळते. उपवास करायचाच तर डोस आधी ठरवून घ्या.

शुगर उतरली हे कसं ओळखायचं?

हात थरथरणं, घाम, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरल्यावर काहीतरी खा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. गोळीमुळे उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला त्या रात्री एकटं ठेवू नये. दारू पिऊन जेवायचं राहिलं तर हाच धोका.

वीज गेली की इन्सुलिनचं काय?

वापरात असलेली बाटली किंवा पेन सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकतं. जास्तीच्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. पावसाळ्यात दोन दिवस लाइट नसली तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या माठात, प्लॅस्टिकच्या डबीत घालून ठेवा. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

सदाफुलीची पानं, जांभळाच्या बिया, कारल्याचा रस?

हौस म्हणून कारलं खा. औषध बंद करून यांच्यावर राहणं म्हणजे डोळे आणि किडनी पणाला लावणं. सदाफुलीत तर विषारी द्रव्यं आहेत.

खर्च परवडत नाही. सरकारी सोय कुठे?

तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत पाहतात. आशाताईंना विचारा. पुढच्या तपासण्यांसाठी ग्रामीण रुग्णालय, किंवा रत्नागिरी आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, स्टॅटिन बरीच स्वस्त मिळतात. डायलिसिसची वेळ आलीच तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आई गावी एकटीच असते. आम्ही मुंबईतून काय करू शकतो?

एक वही करा. पहिल्या पानावर औषधांची नावं आणि मात्रा, पुढे तारखेनुसार एचबीए१सी, बीपी, एसीआर, ईजीएफआर, डोळे, पाय. त्या वहीचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरून द्या, आणि तो भरायला शेजारच्या वहिनींना किंवा भाच्याला शिकवा. फोनवर "शुगर किती?" एवढंच न विचारता, "आज पाय बघितलेस का?" हेही विचारा. आणि साखरेचा डबा, ग्लुकोमीटर, १०८ हा नंबर यांची जागा शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवा.